पावणेसातला थांबणारे हात

२०२५ मध्ये रमजान आणि मार्चअखेर एकाच गल्लीत समोरासमोर आले होते. २ मार्चला पहिला रोजा झाला. ३१ मार्चला ईद आली. म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस आणि ईदचा दिवस एकच. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, गुढीपाडवा. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत फिरत साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. त्याआधीच्या फेरीत तो मार्चमध्ये होता तेव्हा नाशकातल्या बहुतेक कचेऱ्यांत संगणक नव्हते, आणि संध्याकाळी घरी गेलेल्या माणसाला पुन्हा कामाला बोलवायचे तर कुणाला तरी सायकलवर पाठवावे लागे.

मार्चमध्ये नाशिक कसे असते हे नाशिककराला सांगायला नको. सनदी लेखापालांच्या कार्यालयांत रात्री अकरापर्यंत दिवे. १५ तारखेला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, २० तारखेला जीएसटीचे विवरण, ३१ तारखेला सगळेच. बँकांत कर्जवसुलीचे आकडे, विमा कंपन्यांत हप्त्यांचे आकडे, महापालिकेत घरपट्टी-पाणीपट्टीचे आकडे. सातपूर-अंबडला महिनाअखेरचा माल बाहेर काढायची घाई. तिकडे निफाड-दिंडोरीत द्राक्षांचा तोडा चालू, पॅकहाऊसमध्ये रात्रपाळ्या. पुन्हा घरात कुणाची तरी दहावी.

या धावपळीत रोजा धरणाऱ्या माणसाचा दिवस पाहावा. चारच्या सुमाराला उठायचे, सहरी करायची, साडेपाचच्या आत खाणेपिणे बंद. मग थोडे आडवे व्हायचे, की मुलांचे डबे, की थेट पहिल्या पाळीची बस. संध्याकाळी पावणेसातच्या आसपास इफ्तार. रात्री इशाची नमाज आणि त्यानंतर तरावीह, म्हणजे रमजानमधली जादा नमाज. घरी येऊन पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. झोप जेमतेम साडेचार तास, तीही सलग. घरातल्या बाईची तर तेवढीही नाही. तिची सहरी साडेतीनला सुरू होते, आणि नोकरी करत असेल तर तिच्याही टेबलावर मार्च असतोच.

तरीही एक गोष्ट नाशकातल्या कुठल्याही मिश्र वस्तीच्या कचेरीत, दुकानात, शॉपफ्लोअरवर दिसते. साडेसहा वाजले की शेजारच्या टेबलावरचा माणूस आपणहून म्हणतो, "भाऊ, तुमची वेळ होत आली, उठा आता. हे मी बघतो." मेन रोडच्या कापड दुकानात गिऱ्हाईक समोर असले तरी मालक खजुराची पिशवी पुढे सरकवतो. एरवी दहा मिनिटे उशीर झाला की कपाळाला आठ्या घालणारा साहेबसुद्धा या वेळी हाक मारत नाही. अजान झाली की हात थांबतात, आणि ते थांबले म्हणून कुणाला राग येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत माणूस परत कामाला लागतो, कंपनी बुडत नाही.

आता त्याच माणसाला रात्री साडेदहाला, तरावीहहून परतताना, फोन येतो. "ती शीट पाठवतोस का? दोनच मिनिटं." फोन करणारा तोच साहेब असतो. पावणेसातला ज्याला संकोच वाटला त्याला साडेदहाला का वाटत नाही? माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. पावणेसातची वेळ सगळ्यांना ठाऊक आहे, साडेदहाची कुणी ठरवलेलीच नाही. आणि रोजा न धरणाऱ्या, शेजारच्या टेबलावरच्या त्या भल्या माणसाला तर पावणेसातही नसते. त्याचा दिवस कुठे संपतो हे त्यालाच माहीत नसते.

कामाचा ताण म्हटले की बोलणे बहुधा योग, प्राणायाम, हिरवी भाजी आणि सकाळच्या फेरफटक्यावर येऊन थांबते. यातले काहीच वाईट नाही. पण हा सगळा सल्ला एकेकट्या माणसाला दिलेला असतो, जणू तो थकला हा त्याचाच दोष. खरा प्रश्न थांबायची वेळ कोण ठरवतो हा आहे.

'बर्नआऊट' हा शब्द आता मराठी कचेऱ्यांतही रुळला आहे. त्याचा पहिला मोठा वापर १९७४ चा. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यू यॉर्कमध्ये दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून रात्री गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथे मनापासून काम करणारी माणसे काही महिन्यांत आतून विझल्यासारखी होतात, हे त्यांनी आधी इतरांत पाहिले आणि मग स्वतःत. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे मांडली. पहिले, झोपूनही न जाणारा थकवा. दुसरे, कामाबद्दल आणि कामातल्या माणसांबद्दल येणारा कोरडेपणा. पूर्वी ज्या गिऱ्हाइकाशी गप्पा होत, त्याचा आता नुसता चेहरा नको वाटणे. तिसरे, आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या सूचीत त्याची नोंद घेतली, पण शब्द जपून वापरले: हा आजार नव्हे, ही कामाच्या जागेशी निगडित घटना आहे, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी. या व्याख्येत माणसाइतकीच कामाची जागाही आली, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे पूर्वीपासून 'पार पिळून निघालो', 'जीव मेटाकुटीला आला' असे म्हणतात. फरक एवढाच की मेटाकुटीला आलेला जीव चार दिवस गावी जाऊन आला की सावरतो. विझलेला सावरत नाही. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशीच त्याच्या पोटात परत जाण्याचा गोळा येतो.

२०२४ मध्ये ही गोष्ट पुण्यातून सगळ्या देशाच्या कानावर आली. अॅना सेबॅस्टियन पेरायिल ही २६ वर्षांची केरळची मुलगी. सनदी लेखापाल झाली आणि मार्च २०२४ मध्ये ईवाय या जागतिक लेखा कंपनीच्या समूहातील पुण्याच्या कार्यालयात रुजू झाली. पहिलीच नोकरी. चार महिन्यांनी, २० जुलैला, तिचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील अध्यक्षांना लिहिलेले पत्र सर्वत्र वाचले गेले. जुलैच्या सुरुवातीला पदवीदान समारंभासाठी आई-वडील पुण्याला आले, तेव्हा मुलीच्या छातीत दुखत होते. डॉक्टरांकडे नेले तर तपासणी ठीक निघाली, झोप पुरेशी नाही आणि जेवण फार उशिरा होते असे डॉक्टर म्हणाले, असे आईने त्यात लिहिले होते. रात्री उशिरा खोलीवर परतायचे, त्यावर आणखी काम, शनिवार-रविवारही त्यातच, अशी आईची तक्रार होती. कामाच्या ताणाने जीव गेला हे कंपनीच्या अध्यक्षांनी मान्य केले नाही. अंत्यविधीला कार्यालयातून कुणी गेले नाही याबद्दल मात्र खेद व्यक्त केला. केंद्रीय कामगार खात्याने चौकशी जाहीर केली.

मृत्यूचे कारण काय, हे बातमीवरून कुणी ठरवू नये. पण त्या पत्रात महाराष्ट्रातल्या हजारो आई-बापांना आपल्या पोराचा दिनक्रम दिसला, हे खरे. नाशकाहून पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला गेलेली किती मुले-मुली रात्री अकराला 'जेवलीस का गं?' या प्रश्नाला 'ऑर्डर करतेय' असे उत्तर देतात, याचा हिशेब घराघरात आहे. जुन्या नाशकातल्या घरात रमजानमध्ये हा प्रश्न पहाटे चारला विचारला जातो. 'उठलास का? पाणी तरी पी.' खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलाची सहरी बहुतेकदा बिस्किटाच्या पुड्यावर होते.

यानंतर काही बोध घेतला जाईल असे वाटले होते. त्याऐवजी तासांची बोली लागली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले होतेच. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष ९० तासांवर गेले, आणि आपण लोकांकडून रविवारी काम करून घेऊ शकत नाही याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. त्याच महिन्याच्या शेवटी संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने मात्र उलटा सूर लावला: आठवड्याला साठ तासांच्या वरचे काम प्रकृतीवर उलटू शकते आणि तासन्‌तास टेबलाला खिळून राहणे मनाला घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र केलेला अंदाज तर सरळ मृत्यूंचा आहे. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करण्याशी जोडलेले पक्षाघाताचे आणि हृदयविकाराचे मृत्यू, एकट्या २०१६ साली, जगभरात ७ लाख ४५ हजार. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत या लोकांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक.

रविवारी काम करून घेता येत नाही ही खंत ज्यांना वाटते, त्यांनी हा रविवार आला कुठून तेही वाचावे. तो मराठी माणसाने मिळवलेला आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्याचे, महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. मुंबईतल्या गिरणीत भांडारपालाचे काम करताना त्यांनी तिथले हाल जवळून पाहिले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्रे चालत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती, दुपारी नीट जेवायला वेळ नव्हता. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार ठरल्या तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला आधार. मालकांनी वर्षानुवर्षे ऐकले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? साहेबाचा चर्चचा दिवस म्हणून, हे उत्तर सगळे देतात. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्या मागणीमागे होता असे सांगितले जाते. काही असो, ती सुट्टी एका धर्माची राहिली नाही. गिरण्यांत हिंदू होते, मुस्लिम होते, सगळ्यांचेच हात एका दिवशी थांबले. याच लोखंडे यांनी १८९३ च्या दंग्यानंतर मुंबईत हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी खपून काम केले, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत ते गेले. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांना आणखी चार ओळी मिळायला हव्या होत्या.

लोखंडे यांनी कामगारांना 'जरा कमी ताण घ्या' असे सांगितले नाही. एकट्या कामगाराने रविवारी दांडी मारली असती तर त्याची जागा सोमवारी दुसऱ्याने घेतली असती. सगळे एकदम थांबले तरच कुणाला थांबता येते, ही साधी गोष्ट त्यांना कळली होती.

नाशिक जिल्ह्यातच याचे दुसरे उदाहरण आहे, आणि ते २०२५ च्या मार्चमध्ये थिएटरांतही लागले होते. मालेगावात यंत्रमागाचा खडखडाट बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. मजुरी कापडाच्या मापावर, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. कानाला दडे बसतात, छातीत कापसाची धूळ जाते. पण शुक्रवारी माग बंद. मशिदी भरतात आणि त्यानंतर थिएटरे भरतात. त्या एका रिकाम्या दिवसातून मालेगावची स्वतःची सिनेमासृष्टी उभी राहिली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला, पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढला, त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा मागावर काम करणारा हडकुळा तरुण होता. फैजा अहमद खान यांनी त्यावर केलेला माहितीपट जगभर पाहिला गेला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. मालेगावच्या मजुराचे हाल शुक्रवारने संपत नाहीत, आठवड्याचे उरलेले सहा दिवस जसेच्या तसेच आहेत. पण थकलेल्या माणसाच्या हाती ठरलेला मोकळा दिवस पडला तर तो नुसता झोपत नाही, एवढे त्यातून दिसते.

याउलट, जादा काम म्हणजे दरवेळी विझणे असेही नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधल्या कामगारांनी वाढीव तास काम केले, सुट्टीचे दिवसही कामाला दिले. त्या हिवाळ्यात सगळा देश रांगेत उभा होता आणि आपल्या हातून निघालेली नोट उद्या कुणाच्या तरी हातात पडणार हे त्यांना दिसत होते. काम मोजता येत होते, त्याचा शेवटही कधीतरी येणार होता. तेव्हाच पश्चिम बंगालमधल्या सालबोनीच्या छापखान्यात मात्र कर्मचारी संघटनेने नऊ तासांच्या वर काम करणार नाही असे कळवले. पाठदुखी आणि मनाचा शीण हे कारण होते. माणसे दोन्हीकडे तितकीच कष्टाळू. प्रत्येक शरीराची एक मर्यादा असते, आणि ती वेळेवर बोलून दाखवणे यात कामचुकारपणा नाही.

रमजानच्या निमित्ताने पैगंबरांच्या काळातली एक हकिकत इथे आठवते. सलमान फारसी आपले मित्र अबू दर्दा यांच्या घरी गेले. घरची बाई विस्कटलेली दिसली. विचारल्यावर कळले की अबू दर्दा दिवसा रोजे धरतात आणि रात्र रात्र नमाजेत घालवतात, घराकडे त्यांचे लक्षच नाही. सलमान यांनी त्यांना आपल्यासोबत जेवायला बसवले, रात्री उठू लागले तर झोप म्हणून दोनदा परतवले आणि पहाटेच्या आधी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग समजावले की तुझ्या देहाचा, तुझ्या घरच्यांचाही तुझ्यावर हक्क आहे. गोष्ट पैगंबरांपर्यंत गेली, आणि सलमानचे बरोबर आहे असा निवाडा झाला. तिथे तर विषय भक्तीचा होता. एक्सेल शीटचा नव्हता. आजारी माणसाला, प्रवासातल्या माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे ती याच समजुतीतून.

आता रोजच्या व्यवहाराचे. रोजा धरून मार्च काढणाऱ्यांना अनुभवाने काही गोष्टी कळलेल्या असतात, त्या रोजा न धरणाऱ्यांनाही उपयोगी पडाव्यात. आकडेमोडीचे, निर्णयाचे, डोके लागणारे काम सकाळी उरकावे. दुपारी चारनंतर फायली लावणे, फोनची उत्तरे अशी कामे ठेवावीत. यंत्रावर किंवा गाडीवर असणाऱ्यांनी शेवटच्या तासात विशेष जपावे. पहिले चार दिवस डोके दुखते ते उपाशीपणाने कमी आणि चहा तुटल्याने जास्त. म्हणून जाणते लोक रमजानच्या आधीपासूनच चहा उतरवत आणतात. दुपारच्या नमाजेनंतर वीस मिनिटांची डुलकी, तिला अरबीत 'कैलुला' म्हणतात. मराठीत त्याला वामकुक्षी म्हणतात आणि ती पुणेकरांची मक्तेदारी नाही. मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हट्टाने काही करू नये. हे मात्र दरवर्षी सांगूनही घरातले वडीलधारे ऐकत नाहीत.

कायद्यातही थांबायची वेळ आहे, ती फक्त कुणी वाचत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार २०२५ च्या मार्चमध्ये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला. कारखान्यांसाठी तेव्हा १९४८ चा कायदा होता, तिथेही आठवड्याला ४८ तासच. मेख अशी की व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना आस्थापना कायद्यातून सूट आहे. मग ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही अशा बावीस वर्षांच्या मुलाच्या ओळखपत्रावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलेले असते. घरी पेढे वाटले जातात.

एखादे कार्यालय एका मार्चपुरते तरी काही करू शकेल का? मोठ्या घोषणा नकोत, 'वेलनेस'ची व्याख्याने तर नकोतच. ती बहुधा सुट्टीच्या दिवशीच ठेवतात. रात्री साडेआठनंतर ग्रुपवर कामाचा संदेश टाकायचा नाही, खरेच निकड असेल तर फोन करायचा, आणि तो साहेबाने स्वतः करायचा, एवढे ठरले तरी पुष्कळ. ग्रुपवर टाकलेला संदेश एकाला असतो आणि झोप दहांची उडते. उशिरापर्यंत बसणाऱ्याचे कौतुक चारचौघांत करायचे नाही, हेही ठरवता येईल. कारण एकाचे कौतुक झाले की दुसऱ्या दिवशी तिघे काम नसताना बसतात. आणि कोण थकला आहे हे कामाच्या चुकांवरून लवकर कळते. नेहमी नेटका असणारा माणूस एकच चूक तिसऱ्यांदा करू लागला, डबा न उघडता परत नेऊ लागला, सगळ्यांत मिसळणारा एकटा बसू लागला, तर ओरडण्याआधी त्याला खाली चहाला न्यावे. रोजा असेल तर नुसतेच खाली न्यावे.

ज्यांना रात्री झोप लागत नाही, सकाळी उठणेच नको वाटते, जगणेच नको असे विचार येतात, त्यांनी रमजान सरू दे, मार्च सरू दे म्हणून थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. घरच्यांनाही फोन करता येतो. आपल्याकडे असा फोन करणे म्हणजे वेडेपणाचा शिक्का, ही भीती सगळ्याच समाजांत सारखी आहे, मोहल्ल्यातही आणि सोसायटीतही. कुणी त्यावर नजर उतरवून घेतो, कुणी पत्रिका दाखवतो. ते करायचे असेल तर करा, पण फोनही करा.

शेवटच्या दहा दिवसांत काही माणसे मशिदीत एतिकाफला बसतात. दहा दिवस मशिदीतच मुक्काम, बाजार नाही, दुकान नाही, कामाचे बोलणे नाही. एकट्या माणसाला हे जमत नाही. त्याचे दुकान भाऊ सांभाळतो, डबा घरून येतो, निरोप मुलगा घेतो. २०२५ मध्ये हे दहा दिवस २१ मार्चच्या संध्याकाळी सुरू झाले, म्हणजे नेमके मार्चअखेरच्या तोंडावर. त्यामुळे नोकरदारांपैकी थोड्यांनाच ते साधले असेल, आणि ज्यांना साधले त्यांच्या मागे त्यांचे काम उचलणारा कुणीतरी नक्की असेल.

राहिला प्रश्न ३१ मार्च २०२५ चा. वर्षाचा शेवटचा दिवस असल्याने सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँका त्या दिवशी उघड्या ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीतच कळवले होते. पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवून झाल्यावर पश्चिमेला जी कोर शोधली गेली, तिनेच ईद ठरवली. कोर दिसली की सकाळी शहाजहानी ईदगाह मैदानावर नमाज, आणि साडेदहाला काऊंटर सुरू. शाखांमध्ये त्या दिवशीची ड्युटी कुणाची, याचे बोलणे आधीच सुरू झाले होते. काही ठिकाणी ते एका वाक्यात मिटले: "ईदला तुम्ही येऊ नका, तुमचा काऊंटर मी घेतो. तेवढा शीरखुर्मा मंगळवारी डब्यात आणा, गेल्या वर्षी चाटूनपुसून संपला होता."